बोंबील, पाटील आणि वकील



या संमेलनाची निमंत्रणपत्रिका तुमच्यापैकी काही जणांकडे दोनदा आली असेल. दुसरी फेकली तरी चालेल, पहिली मात्र जपून ठेवा. तिच्यात छापलं आहे: ‘घाईत होणाऱ्या संमेलनास आपण अगत्याने यावे’. आपले कार्यकर्ते फोनवर फार हळहळत होते. मी मात्र मनातून खूश झालो, कारण अध्यक्षीय भाषणाची सुरुवात मला आयती मिळाली होती.

झालं ते असं. मजकूर टाइप करणाऱ्या मुलाने ‘झाईत’ अगदी बरोबर लिहिलं होतं. संगणकाने त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि सुचवलं, तुम्हाला ‘घाईत’ म्हणायचं असेल. दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. असे फरक मोजायची रीत लेवेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली सांगून ठेवली आहे. एक अक्षर बदललं, घातलं किंवा गाळलं की एक पाऊल, आणि जो शब्द कमीत कमी पावलांवर असेल तो सुचवायचा. झाईपासून घाई एका पावलावर. मुलाला पुढच्या तीन पत्रिका करायच्या होत्या. त्याने ‘होय’ म्हटलं.

दोष त्या मुलाचा नाही, आणि एका अर्थी यंत्राचाही नाही. ‘आई’ त्याला ठाऊक होती, ‘बाई’ आणि ‘सुई’ ठाऊक होती. आईला, बाईला, सुईत अशी रूपं ते बिनतक्रार ओळखत होतं. म्हणजे ‘झाईत’ हा शब्द कसा बनतो ते त्याला येत होतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला झाई नावाचं गाव आहे, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला किती लागतं? एक ओळ. ‘झाई, स्त्रीलिंगी, आईसारखी चालते.’ एवढं लिहिलं की झाईत, झाईला, झाईहून, झाईच्या, झाईतल्यांनासुद्धा, सगळं एका फटक्यात येतं. माझं आजचं बोलणं या एका ओळीबद्दल आहे. ती कोण लिहितो, आणि ती लिहिलेली नसेल तर काय होतं.

ज्या यंत्राबद्दल मी बोलतो आहे त्याला वर्गात आम्ही ‘फायनाइट स्टेट’ म्हणतो. पुस्तकातले प्रतिशब्द जड आहेत, मी ‘ठराविक अवस्थांचं यंत्र’ म्हणेन. विरारहून डहाणूला येणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. स्टेशनं ठरलेली, रूळ ठरलेले. यंत्र शब्दाचं एकेक अक्षर घेतं आणि एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जातं. आत्ता मी कुठल्या स्टेशनात उभा आहे आणि इथून कोणतं अक्षर आलं तर कुठे जाता येईल, एवढंच त्याला कळतं. मागे काय घडलं त्याची आठवण नाही, हिशेबाची वही नाही. अक्षरं संपली तेव्हा गाडी उतरायच्या स्टेशनात उभी असेल तर शब्द मराठी. नसेल तर तांबडी रेघ.

इतक्या विसराळू यंत्राला मराठी झेपते का? ‘होड्यांवरच्यांनीसुद्धा’ हा शब्द घ्या. इथल्या बंदरावर कुणीही सहज बोलेल असा आहे, कोशात मात्र जन्मात सापडणार नाही. गाडी ‘होडी’वरून निघते. पुढे काहीतरी जोडायचं आहे म्हणून ‘होड्यां’ हे अनेकवचनी सामान्यरूप होतं. तिथे ‘वर’ चढतं. मग ‘च्या’ येतो आणि गंमत होते. ‘होड्यांवरचा’ हा आता स्वतःच नवा शब्द झाला, त्याला पुन्हा सामान्यरूप, ‘होड्यांवरच्यां’, आणि त्याला ‘नी’. शेवटी ‘सुद्धा’. ‘च्या’पाशी रूळ मागे वळतो आणि पुन्हा विभक्तीच्या स्टेशनाला येऊन मिळतो. त्यामुळे ‘होडीवरच्याच्या शेजारच्याच्या’ असं कितीही लांबवता येतं. स्टेशनं मोजकी, प्रवास न संपणारा. मराठी शब्दांची यादी करायला बसलेला माणूस इथेच हरतो. प्रत्येक नामाची शेकडो रूपं, आणि त्या शेकड्यांनाही शेवट नाही. रूळ टाकणारा जिंकतो.

आता याच रुळाला जोडीचा दुसरा रूळ घाला. खालच्यावर बोललेला शब्द, वरच्यावर त्याची फोड: होडी, स्त्रीलिंगी, अनेकवचन, वर, चा, नी, सुद्धा. खालून वर गेलं की पदच्छेद, वरून खाली आलं की शब्दसिद्धी. अप आणि डाऊन एकाच वेळापत्रकात. याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, आणि शब्दरूपांच्या अभ्यासात गेली चाळीस वर्षं जे काही पक्कं काम झालं, त्यातलं बरंचसं याच्या जोरावर झालं आहे.

हे झालं ढोबळ. खरी मजा सांध्यात आहे. आणि सांधा दाखवायला मला बोंबलाकडे जावं लागेल.

काही वर्षांपूर्वी मी माशांची नावं यंत्रात भरत होतो. सुरमई, मांदेली, करंदी, जवळा, कोळंबी. प्रत्येकापुढे ‘अमक्यासारखा चालतो’ असं लिहायचं. ‘बोंबील’पाशी आलो आणि फारसा विचार न करता लिहून टाकलं: ‘वकिलासारखा’. दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींच्या मधे दीर्घ ई. वकील, वकिलाचा, वकिलाला. यंत्राने आज्ञाधारकपणे छापलं: ‘बोंबिलाची चटणी’. तो कागद मी नेहमीच्या मासळीवाल्या मावशींना सहज वाचून दाखवला. त्यांनी सुरी थांबवली. “बोंबिलाची? असं कोण बोलतं? बोंबलाची!” आणि मग कापता कापता, “तुमचं मशीनच बोंबललंय.”

त्या दोन वाक्यांत माझी एक चूक दुरुस्त झाली आणि एक अडचण नवी उभी राहिली. अडचण आधी सांगतो. ‘बोंबला’ हे बोंबलाचं सामान्यरूप, आणि ‘बोंबला आता!’ हे आपलं नेहमीचं वैतागाचं वाक्यही. एकाच स्टेशनावर दोन गाड्या. यंत्र दोन्ही फोडी पुढे ठेवतं आणि निवड करत नाही. निवडीला आजूबाजूचं वाक्य लागतं. हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो.

आता चूक. बोंबलाला मी वकिलाच्या रांगेत उभं केलं, तो खरा पाटलाच्या रांगेतला. पाटील, पाटलाला. वकील, वकिलाला. पाटलाची ई पार जाते, वकिलाची नुसती आखडते. का? दोघांची मधली ई आणि शेवटचं अक्षर सारखंच आहे. फरक पहिल्या अक्षरात. ‘पा’ जड, ‘व’ हलकं. वृत्तांत कविता लिहिणाऱ्यांनो, तुमच्या भाषेत गुरू आणि लघू. पहिलं अक्षर गुरू असेल तर मधली ई किंवा ऊ गळते: तारीख-तारखेला, बेरीज-बेरजेला, खारीक-खारकेला, काळीज-काळजात, माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, कापूस-कापसाला. पहिलं अक्षर लघू असेल तर ती राहते, फक्त ह्रस्व होते: गरीब-गरिबाला, जमीन-जमिनीला, बहीण-बहिणीला, मजूर-मजुराला. ‘बों’ हे गुरू. म्हणून बोंबलाची. मावशींना लघू-गुरू कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं, तरी मी चुकलो.

हा नियम शुद्धलेखनाच्या पुस्तकांतही सापडतो. आपण तो घोकतो तो ह्रस्व-दीर्घाचे गुण जाऊ नयेत म्हणून. यंत्रापुढे ठेवला की तो दोन रुळांच्या मधला सांधा होतो: वर ‘ई’, खाली काही नाही, अट एवढीच की मागे गुरू आणि पुढे प्रत्यय. इतकं छोटं यंत्र, चार-सहा स्टेशनांचं. पण एकदा बसवलं की कोशातल्या हजारो शब्दांना लागतं.

आणि लगेच फसतंही. कंदील पाहा. ‘कं’ गुरू, तरी कंदिलाचाच, कंदलाचा नाही. हरीण उलट. ‘ह’ लघू, तरी आपण हरणाच्या मागे धावतो. पोलीस तर पाहायलाच नको. ‘पो’ गुरू असून त्याची ई गाळायची हिंमत मराठीला अजून झालेली नाही. शिवाय संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपली दीर्घता सोडत नाहीत. शरीर-शरीराला, गीत-गीताला. शब्द तत्सम आहे की नाही हे यंत्राला वासाने कळत नाही, प्रत्येक शब्दाच्या गळ्यात चिठ्ठी बांधावी लागते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. त्या अठरांत तत्समांचे अपवाद किती वेळा येतात ते मोजा, म्हणजे चिठ्ठ्यांचं काम किती मोठं ते कळेल. मराठीला नियमांची वाण नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण दिलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली शास्त्रीय व्याकरण दिलं. कोणता शब्द कोणाच्या रांगेत उभा राहतो हे शब्दागणिक सांगणारा, सर्वांना खुला असलेला कोश मात्र आपण अजून मनावर घेतलेला नाही. आपल्याकडे व्याकरणावर वाद घालायला माणसं मिळतात, याद्या करायला मिळत नाहीत.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक विसरभोळेपणा आहे जो मला फार मानवी वाटतो. १९५६-५७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी दाखवून दिलं की वाक्यरचनेला हे यंत्र पुरत नाही. त्यांचा मुद्दा मराठीतही पटतो. ‘जो खलाशी, ज्या होडीतून, जे जाळं टाकतो’ असं म्हटलं की पुढे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांची देणी उभी राहतात, आणि हिशेबाची वही नसलेलं यंत्र किती देणी लक्षात ठेवणार? (तीन ‘जो’ झाले की चौथ्याला माणूसही गडबडतो, हे जाता जाता.) एवढ्यावर भाषाशास्त्रज्ञांनी या यंत्राला ओसरीवरून घालवून दिलं. पुढे ध्वनिनियम लिहायची जी मोठी पद्धत आली, ती वरवर फार ताकदवान दिसत होती. १९७२ साली डग्लस जॉन्सन यांनी एका पुस्तकात सिद्ध केलं की अभ्यासक प्रत्यक्षात ज्या रीतीने हे नियम वापरतात, म्हणजे नियम आपल्याच कमाईवर पुन्हा पुन्हा चालत नाही, त्या रीतीने पाहिलं तर ते सगळे या साध्या यंत्रात बसतात. घालवलेला पाहुणा परसदारातून येऊन माजघरात बसला होता. पण ते पुस्तक जवळजवळ कुणी वाचलं नाही. १९८० च्या सुमारास झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात रोनाल्ड कॅपलन आणि मार्टिन के यांनी तेच स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढलं. शिवाय एकामागून एक लागणारे कितीही नियम वितळवून त्यांचं एकच यंत्र करता येतं, हे पाहिलं. त्यांचा सविस्तर निबंध छापून यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात, १९८३ मध्ये, हेलसिंकीच्या किम्मो कोस्केन्निएमी यांनी फिनिश भाषेसाठी दोन रुळांची पद्धत प्रबंधात मांडून चालवूनही दाखवली. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती. मराठीच्या आठ विभक्तींना भिणाऱ्या मुलांना हे सांगत जा.

मराठीसाठी हे काम झालं आहे, आणि चांगलं झालं आहे. २०१० मध्ये मुंबईच्या आयआयटीतून मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी ‘अमक्यासारखा चालतो’ या तत्त्वावरच मराठीचं रूपविश्लेषण करणारं यंत्र मांडलं. २०१७ मध्ये विनीत रविशंकर आणि फ्रान्सिस टायर्स यांनी मराठीचं आणखी एक यंत्र मांडलं, या विषयाला वाहिलेल्या स्वीडनमधल्या परिषदेत. मराठीच्या सामान्यरूपावर चर्चा उमेओ नावाच्या बर्फाळ गावात झाली, आणि ती आज झाईच्या वाळूत आली, याचं मला समाधान आहे.

साहित्यिक मंडळी कंटाळली असतील तर त्यांच्या घरातलं एक उदाहरण देतो. तुमचं ‘यमाताराजभानसलगं’ हे याच जातीचं यंत्र आहे. तीन-तीन अक्षरांच्या खिडकीतून ओळ पाहायची आणि गण सांगायचा. भुजंगप्रयात ओळखायला बाराच अक्षरं लागतात. लघू, गुरू, गुरू, पुन्हा लघू, असं चार वेळा, कुठे चुकलं की गाडी रुळावरून खाली. मनाचे श्लोक ज्या वृत्तात आहेत ते वृत्त एखादं पोर ताल धरून ओळखतं, तेव्हा त्याच्या डोक्यात अशीच बारा स्टेशनं असतात. मुक्तछंदवाल्यांचं काय करायचं ते यंत्राला विचारू नका, समीक्षकांनाही ते जमलेलं नाही.

अंकांचंही तसंच. बंदरावर लिलावात ‘२५०’ हा आकडा यंत्राने वाचून दाखवायचा तर ‘दोनशे पन्नास’ ऐकून कुणी वर पाहणार नाही. ते अडीचशे असतात, दीडशे असतात, पावणेदोनशे असतात. हे रूळही कुणीतरी हाताने टाकावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. माझ्या यंत्राला ‘वीस दोन’ फार आवडलं असतं, काम निम्म्याने कमी झालं असतं. पण यंत्राची सोय म्हणून बावीस सोडायचे नाहीत, या मताचा मी आहे.

आता झाईबद्दल. हे संमेलन पुण्यामुंबईत भरवणं सोपं होतं. इथे यावं असा मीच हट्ट धरला. सकाळी बंदरावर मांगेली कानावर पडते, बाजारात गुजराती, पूर्वेला डोंगराकडे वळलं की वारली, शाळेत प्रमाण मराठी, आणि घोलवडच्या चिकूवाड्यांत इराणी मालकांची गुजराती. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. १ मे रोजी राज्यं वेगळी झाली आणि ते गुजरातेत गेलं. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. बोलींना या तारखा कुणी कळवल्या नाहीत. एकाच माणसाच्या तोंडी मराठीचा ‘त’ आणि गुजरातीचा ‘मां’ दोन्ही येतात आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

या बोलींची नोंद अगदीच झाली नाही असं नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात वारली आहे. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी पुस्तकमाला केली, तिच्यात ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र पुस्तक मिळालं. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी २०१३ मध्ये संपादित केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे बोलींची ध्वनिमुद्रणं करून लोकांपुढे खुली ठेवली. पण या सगळ्याची बेरीज केली, बघा, बेरजेची ई मीही गाळली, तर छापील मजकूर म्हणून काय हाती लागतं? थोड्या गोष्टी, थोडी गाणी, शब्दांच्या काही याद्या.

म्हणून मला हल्ली जो प्रश्न हमखास विचारतात, त्याचं उत्तर इथे उभं राहून द्यायला बरं वाटतं. प्रश्न असा की, आता संगणक गप्पा मारतो, कविता करतो, मग तुमच्या त्या जुन्या रुळांचं काय? उत्तर असं की, त्या मोठ्या मॉडेलांचं पोट मजकुरावर भरतं. मराठीचा मजकूर इंग्रजीपुढे मूठभर, आणि मांगेलीचा मराठीपुढे चिमूटभर. चिमटीवर ते हत्ती जगत नाहीत. रुळाचं यंत्र जाणत्या माणसावर जगतं. एक बोली जाणणारा, एक वही, आणि वर्ष-दोन वर्षांची चिकाटी. शिवाय ते साध्या फोनमध्ये मावतं, रेंज नसली तरी चालतं. आणि चुकलं तर कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं, जसं मावशींनी दाखवलं. बोंबलाची रांग बदलली, काम झालं. मोठ्या मॉडेलाला एक शब्द समजावायला बसलं की दुसरे चार कुठे हलतात ते त्याच्या कर्त्यालाही सांगता येत नाही. मी त्यांचा शत्रू नाही, रोज वापरतो. आणि गंमत अशी, की त्यांच्याकडून ठरल्या साच्यातलं उत्तर हवं असेल, तारखेच्या जागी तारीखच यावी असं वाटत असेल, तर आज त्यांच्या तोंडाला याच जुन्या यंत्राची मुसकी बांधतात. तुमच्या फोनवर टाइप करताना पुढचा शब्द सुचतो, त्यामागेही कित्येकदा हेच रूळ असतात.

हे स्वप्नरंजन नाही, कुणीतरी करून दाखवलेलं आहे. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला ट्रोम्सो विद्यापीठात सामी भाषांसाठी अशी यंत्रं वर्षानुवर्षं बनत आली आहेत. उत्तर सामी बोलणारे वीसेक हजार. रेनडिअर पाळणारे, मासे धरणारे लोक. त्यांना कळफलक मिळाला, शब्द तपासणारं साधन मिळालं, शिकणाऱ्यांसाठी रूपं दाखवणारा कोश मिळाला. मूळ पद्धत शेजारच्या फिनिशची, वापर सामींचा.

मात्र सामींची सगळीच गोष्ट इथे आणावी असं मला वाटत नाही, आणि इथे माझं माझ्याच धंद्यातल्या लोकांशी भांडण आहे. बोलीसाठी यंत्र बनवताना पहिलं काय बनवतात? तांबडी रेघ. ज्या मुलाला शाळेत ‘असं नाही बोलायचं’ हे पुरेसं ऐकवलं गेलं आहे, त्याला आता त्याच्या घरच्या बोलीतही यंत्राने तेच ऐकवायचं? डहाणूची वारली आणि जव्हारची वारली यांत फरक असणार, दोन आज्यांत फरक असणार. त्यांतली एक रुळावर आणि दुसरी रुळाखाली, हे ठरवायचा अधिकार मला नको. बोलीच्या यंत्राने ऐकावं, फोड करावी, ‘हे रूप इकडचं, ते तिकडचं’ अशी नोंद ठेवावी. दोन्ही स्टेशनांवर उतरायची परवानगी असावी. तांत्रिकदृष्ट्या यात काही कठीण नाही, एक रूळ जास्त टाकायचा. लेखनाचे अठरा नियम प्रमाण मराठीला ठेवा, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

याच किनाऱ्यावर, इथून जवळ बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारं पोर शाळेत येत नाही म्हटल्यावर त्यांनी गुरं चरतात तिथे शाळा नेली, कुरणशाळा. मुलाच्या हाताशी जे खडे, शिंपले, पानं होती, त्यांवरच मोजणी शिकवली. यंत्रांच्या गोष्टीत मला हे काम का आठवलं, ते आज दुपारी कळेल.

दुपारच्या सत्रात निबंधवाचन ठेवलेलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘चर्चा’ असं लिहिलं आहे ते खोटं आहे. जेवण झालं की आपण वह्या घेऊन बंदरावर जाणार आहोत. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटात एक जण इथला हवाच, आणि वही त्याच्या हातात राहील, आपल्या नव्हे. पानाचे तीन रकाने: नाव, ‘एक’ म्हणताना कसं आणि ‘पुष्कळ’ म्हणताना कसं, आणि पुढे ‘चा’ लावल्यावर काय होतं. जाळ्यांचे प्रकार, होडीचे भाग, वाऱ्यांची नावं, मासे. कुणी दोन रूपं सांगितली तर दोन्ही लिहायची, खोडायचं काही नाही. सांगणाऱ्याने ‘आमच्यात असं, त्यांच्यात तसं’ म्हटलं तर ‘त्यांच्यात’ म्हणजे कुठे तेही लिहायचं.

माझ्या वहीत पहिली ओळ मी सकाळीच लिहिली आहे: ‘झाई, स्त्रीलिंगी, आईसारखी’. दुसरीवर नुसता शब्द आहे, ‘घोळ’. आपण घालतो त्या घोळाला ‘चा’ लावला की घोळाचा होतो. जाळ्यात येते ती घोळ, तिचा रकाना मोकळा ठेवला आहे, तो बंदरावर विचारून भरायचा. ओहोटी आहे तोवर खलाशी मोकळे असतात असं मला सांगितलं आहे, तेव्हा जेवणं जरा, त्या पहिल्या पत्रिकेत म्हटल्याप्रमाणे, घाईत उरका.